एकच लिफ्ट, तीन प्रती: स्क्वीकमधल्या क्रोकेत घालवलेले सहा आठवडे

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणीने हेडफोनवर विचारलं, "अगं, दुसरी लिफ्ट कुठे दिसतेय तुला?"

"सातव्या मजल्यावर. दार उघडं आहे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे चौथ्यावर आहे. आणि खाली निघालीय."

आम्ही दोघी त्या वेळी एकाच खोलीत उभ्या होतो. खोली म्हणजे क्रोकेतली त्रिमितीय जागा; आणि क्रोके म्हणजे अनेकांनी आपापल्या संगणकावरून एकत्र वावरायचं, स्क्वीक या प्रोग्रामिंगच्या वातावरणावर चालणारं सॉफ्टवेअर. जमीन एक, इमारत एक, लिफ्ट त्याच. ती मला दिसत होती, मी तिला दिसत होते. तरी लिफ्ट दोन ठिकाणी होती. क्रोके कशी चीज आहे हे मला त्या संध्याकाळी कळायला लागलं, म्हणून सुरुवात तिथून केली.

आधी पार्श्वभूमी. आम्ही तिघे मिळून लिफ्टचं सिम्युलेशन लिहीत होतो: बारा मजले, दोन लिफ्ट, मजल्यामजल्यावर येणारे प्रवासी, आणि कुठल्या हाकेला कुठल्या लिफ्टने जायचं याचे नियम. तिघे तीन ठिकाणी. रोज कोणीतरी स्क्रीन शेअर करायचं आणि बाकीचे दोघे बोलत राहायचे, "वर जा, अजून वर, हां, ती ओळ." माउस एकाच्या हातात आणि विचार तिघांच्या डोक्यात. एखादी लिफ्ट विनाकारण थांबली की तिच्यावर बोट ठेवून "हिला आत्ता काय वाटतंय बघू" असं करायची सोय फक्त एकाला. मला तिघांचे हात एकाच वेळी त्या इमारतीला लागायला हवे होते. आणि ते प्रोग्रामिंगच्या वातावरणातच व्हायला हवं होतं, म्हणजे लिफ्टवर क्लिक केलं की तिच्या आत काय आहे ते दाखवणारा इन्स्पेक्टर उघडेल, मेथड, म्हणजे तिच्या वागण्याचा कोड, बदलता येईल, आणि सिम्युलेशन चालू राहील.

ही इच्छा जुनी आहे. 9 डिसेंबर 1968 रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात लांबच्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम करणं होतंच. 1990 साली झेरॉक्सच्या पार्क या संशोधनकेंद्रात पावेल कर्टिस यांनी सुरू केलेल्या लॅम्बडामूमध्ये तर सगळं जग अक्षरांचंच होतं, पण आत आलेला माणूस तिथल्या तिथे वस्तू घडवून तिचं वागणं लिहू शकायचा. आणि सेल्फ या प्रोग्रामिंग भाषेवर सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या गटाने कॅन्सस नावाचं सपाट, अफाट मोठं दुमितीय मैदान बनवलं होतं, ज्यात अनेक जण एकदम वावरून एकाच जिवंत प्रोग्रामला हात लावायचे. कॅन्ससकडे मी पुन्हा येणार आहे. त्या लोकांनी एक प्रश्न विचारला होता, तो मला नंतर फार उपयोगी पडला.

स्क्वीकपासून सुरुवात केली कारण ते स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेचं वातावरण आहे, आणि स्मॉलटॉक मला येतं आणि आवडतं. 1996 साली ॲपलमध्ये ॲलन के, डॅन इंगल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्क्वीक उभं केलं. त्याला चालवणारी व्हर्च्युअल मशीनसुद्धा स्मॉलटॉकच्याच एका छोट्या पोटभाषेत लिहिलेली आहे, तिचं सी भाषेत रूपांतर होतं. सगळं जग एका इमेज फाइलमध्ये मावतं. इमेज बंद करा, उद्या उघडा, उघडे डीबगर, म्हणजे चुका शोधायच्या खिडक्यासुद्धा, जिथल्या तिथे.

स्क्वीकमध्ये नेब्रास्का नावाची सोय आधीपासून आहे. आम्ही ती दोन दिवस वापरली. एका मशीनवर सगळं चालतं आणि बाकीच्यांकडे चित्र काढण्याच्या आज्ञा पाठवल्या जातात. पाहुण्यांचे माउसचे हात यजमानाच्या पडद्यावर नावाच्या आद्याक्षरांसह फिरतात. पहिल्यांदा दुसऱ्याचा हात आपल्या विंडोवरून सरकताना पाहिला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. शिकवायला, दोघांनी मिळून एखादी क्लास (एका प्रकारच्या ऑब्जेक्टचं वागणं जिथे लिहिलेलं असतं ती) वाचायला नेब्रास्का पुरेसं आहे. पण सगळा भार यजमानावर. सिम्युलेशन सुरू केलं की दर क्षणी अख्ख्या इमारतीचं चित्र नेटवर्कवरून जायचं. यजमान उठून गेला की जगच बंद. आमच्या कामाला ते पुरणार नव्हतं.

म्हणून क्रोके. ॲलन के, डेव्हिड स्मिथ, डेव्हिड रीड आणि आंद्रेआस राब ही यामागची मुख्य मंडळी. पुढे ज्युलियन लोंबार्डी आणि मार्क मॅककाहिल सामील झाले (हेच मॅककाहिल, ज्यांच्या गटाने वेब पसरण्याआधी 1991 मध्ये गोफर ही इंटरनेटवरची माहिती शोधायची सोय आणली). क्रोकेची पहिली पूर्ण एसडीके, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचा संच, 2007 साली मुक्त परवान्याखाली बाहेर आली, आणि त्याच धाग्यातून ड्यूक विद्यापीठात ओपन कोबाल्ट तयार झालं. आज हे चालवायचं म्हणजे 32 बिटची जुनी इमेज आणि तिच्याशी जुळणारी व्हर्च्युअल मशीन शोधावी लागते. माझी अर्धी सकाळ त्यात गेली. जुनं सॉफ्टवेअर उघडायचं तर तेवढं द्यावं लागतं, मला त्याचं काही वाटलं नाही.

उघडल्यावर आधी दिसतात त्या खोल्या, आणि खोलीतून खोलीत नेणारी दारं. दार म्हणजे दुसऱ्या जागेची खिडकीच. पलीकडचं जग त्यातून चालू दिसतं, आणि पुढे चालत गेलं की आपण तिकडे. आम्ही एका जागेत इमारत ठेवली आणि शेजारच्या जागेत आलेख. इमारतीपाशी उभं राहून दारातून आलेख वर चढताना दिसायचा. ही गोष्ट सपाट पडद्यावर दोन विंडो शेजारी ठेवून होणार नाही असं नाही, पण "मी आलेखापाशी आहे, तुम्ही या" असं सांगून तिघे तिकडे जमणं, आणि कोण कशाकडे बघतंय ते न विचारता कळणं, याने आमचं बोलणं निम्म्याने कमी झालं. कोणी पाचव्या मजल्यासमोर रेंगाळलं की बाकीचे आपोआप तिकडे वळायचे.

दिसण्याबद्दल एवढं पुरे. क्रोकेचा खरा जीव टीटाइममध्ये, म्हणजे सगळ्यांची घड्याळं जुळती ठेवण्याच्या त्याच्या पद्धतीत आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय.

सामायिक जागा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सर्व्हर येतो. सर्व्हरला खरं काय ते माहीत, तो सगळ्यांना कळवत राहतो. क्रोकेत खरं काय ते सगळ्यांनाच माहीत असतं. प्रत्येक जागा म्हणजे एक बेट, आणि त्या बेटाची पूर्ण प्रत प्रत्येकाच्या मशीनवर चालते. लिफ्ट कुठे आहे हे नेटवर्कवरून कधीच येत नाही. येते ती फक्त बाहेरची कृती, म्हणजे "पाचव्या मजल्यावरचं बटण दाबलं." ती आधी राउटरकडे जाते. राउटर त्यावर वेळेचा शिक्का मारतो आणि सगळ्या प्रतींना, दाबणाऱ्याच्या प्रतीलाही, एकाच क्रमाने देतो. पुढचं गणित प्रत्येक मशीन स्वतः करतं. सुरुवात सारखी, आज्ञा सारख्या, क्रम सारखा, तर उत्तरही सारखंच. राउटर बिचारा लिफ्टबद्दल काही जाणत नाही. तो ठेका धरतो, वाजवणारे सगळे आपापल्या जागी. कोणीच काही करत नसलं तरी तो ठरावीक अंतराने ठोका देत राहतो, नाहीतर बेटांवरचं घड्याळ पुढे सरकणार नाही.

या कल्पनेचं मूळ डेव्हिड रीड यांच्या 1978 सालच्या एमआयटीतल्या प्रबंधात आहे. विखुरलेल्या संगणकांनी काळाबद्दल एकमत कसं ठेवायचं, हा त्याचा गाभा. इतक्या वर्षांनी तेच गणित माझ्या बारा मजली इमारतीखाली चालत होतं, याचं मला अप्रूप वाटत राहिलं.

बेटाच्या आत भविष्याला निरोप पाठवता येतो. "दोन सेकंदांनी दार बंद कर" हे लिफ्ट स्वतःलाच सांगते. तो निरोप नेटवर्कवर जात नाही. प्रत्येक प्रतीच्या रांगेत तो आहेच, बेटाच्या घड्याळात दोन सेकंद झाले की सगळीकडे दार बंद होतं. आमच्या सिम्युलेशनमध्ये सेकंदाला शेकडो हालचाली होत्या, आणि नेटवर्कवर त्यातलं जवळजवळ काही जात नव्हतं. कोणी बटण दाबलं की एक छोटा निरोप, बाकी फक्त ठोके. चौथा माणूस मध्येच आला तर त्याला बेटाचं त्या क्षणाचं स्नॅपशॉट मिळतं आणि तिथून पुढे तोही त्याच ठेक्यावर. यजमान नावाचा कोणी नाही. मी उठून गेले तरी इमारत बाकीच्यांकडे चालू.

बदल्यात द्यावं लागतं ते असं: आपलं स्वतःचं बटणसुद्धा राउटरकडे जाऊन परत आल्यावरच दाबलं जातं. एकाच स्थानिक नेटवर्कवर हे जाणवत नाही. लांबच्या जोडणीवर वस्तू ओढताना हात पुढे आणि वस्तू मागे असं होतं. आम्ही ओढताना फक्त आपल्याला दिसणारी एक फिकट सावली काढली आणि सोडल्यावरच निरोप पाठवला, त्याने काम भागलं.

आता त्या हरवलेल्या लिफ्टकडे.

चूक माझी होती. प्रवासी कधी आणि कुठल्या मजल्यावर येतील हे मी रँडम आकड्यांनी ठरवत होते, आणि ते आकडे देणारा ऑब्जेक्ट मी बेटाच्या बाहेर ठेवला होता. माझ्या मशीनवर तो एक आकडा देई, मैत्रिणीच्या मशीनवर दुसरा. पहिल्या प्रवाशापासूनच दोन इमारती वेगळ्या झाल्या होत्या. आम्हाला दिसलं ते तिसऱ्या दिवशी, कारण तोवर आम्ही एकमेकींना लिफ्टचा मजला विचारलाच नव्हता. जागा एकच आहे असं गृहीत धरलं होतं. क्रोकेतली चूक अशीच असते. काहीही मोडत नाही, लाल खिडकी उघडत नाही. दोन जगं शांतपणे एकमेकांपासून दूर जातात आणि आपण त्याच एका जगात आहोत असं समजून बोलत राहतो. रँडमचा ऑब्जेक्ट त्याच्या बीजासकट (आकड्यांची मालिका ज्यावरून ठरते तो पहिला आकडा) बेटाच्या आत नेला, झालं. पण त्या रात्री आम्ही आधी दुसरी एक गोष्ट लिहिली: दर दहा सेकंदांनी प्रत्येक प्रत आपल्या स्थितीची बेरीज काढते, आणि ती जुळली नाही तर आकाश लाल होतं. क्रोके वापरणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन. हे पहिल्या दिवशी लिहा.

आकाश दुसऱ्यांदा लाल झालं ते सेटमुळे. वाट पाहणारे प्रवासी मी एका सेटमध्ये, म्हणजे क्रमाची हमी नसलेल्या संग्रहात, ठेवले होते आणि त्यावरून एकेक करून फिरत होते. सेटमधला क्रम ऑब्जेक्टच्या ओळखीच्या हॅशवर, म्हणजे त्या ऑब्जेक्टला मिळालेल्या आकड्यावर, ठरत होता, आणि तो हॅश दोन इमेजमध्ये सारखा असेलच असं नाही. आधी कोण लिफ्टमध्ये शिरलं हे दोन मशीनवर वेगळं. क्रम राखणारं कलेक्शन वापरलं आणि सुटलो. दशांश आकड्यांची मात्र मला जी भीती होती ती खोटी ठरली. वेगवेगळ्या प्रोसेसरवर साइन-कोसाइनची शेवटची बिट वेगळी येऊ शकते, आणि इथे एक बिट म्हणजे दुसरं जग. आंद्रेआस राब यांनी त्यासाठी व्हर्च्युअल मशीनला गणिताचं वेगळं प्लगइन जोडलं, जे सगळीकडे तंतोतंत तेच उत्तर देतं. इतक्या खोलवर कोणीतरी आधीच विचार करून ठेवलाय हे पाहून माझा या कामावरचा विश्वास वाढला. राब 2013 साली गेले. त्यांचा कोड वाचताना त्यांची आठवण येते, मी त्यांना कधी भेटले नसले तरी.

काही गोष्टी झटपट सांगते. त्रिमितीय जागेत कोड वाचणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. तिरक्या पाटीवरची अक्षरं डोळ्यांना त्रास देतात, आणि पाटीसमोर सरळ उभं राहून ती पडदाभर आणली तर मग त्रिमितीचा उपयोग काय? आम्ही कोड सपाट विंडोतच वाचला. सहा आठवड्यांनी माझं मत असं झालं की इमारतीसारख्या वस्तूला तिसरी मिती हवी, मजकुराला ती नको. बाहेरचे प्रोग्राम व्हीएनसीच्या (दुसऱ्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या सोयीच्या) मदतीने जागेत आणता येतात; चालतं, पण आम्हाला गरज पडली नाही. आणि एक गंभीर मर्यादा: बेटातलं सगळं सगळ्यांच्या मशीनवर असतं, त्यामुळे एकाला दिसावं आणि दुसऱ्याला दिसू नये असं काही बेटात ठेवता येत नाही. परस्परांवर विश्वास असलेल्या छोट्या गटाचं हे घर आहे. अनोळखी माणसं, पत्त्यांचा डाव, परीक्षेची उत्तरं असलं काही यात घालू नका.

आता मुख्य गोष्ट. ज्यासाठी मी स्क्वीक निवडलं, नेमकं तिथेच क्रोके अडलं.

स्मॉलटॉकमध्ये जगणं म्हणजे चालू प्रोग्रामची मेथड डीबगरमध्ये बदलून पुढे जाणं. चौथ्या आठवड्यात रिकाम्या रांगेतून प्रवासी काढायचा प्रयत्न झाला आणि तिघांच्या मशीनवर एकाच वेळी डीबगर उघडला. तिन्ही प्रतींनी एकच चूक एकाच क्षणी केली होती, कुठल्या मेथडने कुठली बोलावली याची यादी, म्हणजे स्टॅकही, ओळ न ओळ तोच. इथपर्यंत फार सुंदर. मी माझ्या डीबगरमध्ये तपासणी घातली, सेव्ह केलं, पुढे चालवलं. सवयच ती. माझी इमारत चालू झाली. आकाश लाल. बाकी दोघांच्या इमेजमध्ये जुनीच मेथड होती.

कारण क्रोकेत बेटावरचे ऑब्जेक्ट सामायिक असतात, पण त्यांचं वागणं ज्या क्लासमध्ये लिहिलेलं असतं त्या क्लास प्रत्येकाच्या इमेजमध्ये वेगवेगळ्या बसलेल्या असतात. सगळ्यांकडे तोच कोड आहे हे गृहीत. म्हणजे आम्ही तिघे एकाच इमारतीत राहू शकत होतो, एकत्र बटणं दाबू शकत होतो, पण इमारत एकत्र बदलू शकत नव्हतो. बदलायचं तर थांबा, कोड एकमेकांना पाठवा, सगळ्यांनी भरा, जागा पुन्हा सुरू करा. हे आम्ही आठवडाभर केलं. दिवसातून आठ-दहा वेळा. जिवंत वातावरणातून आल्यावर ते फार जड वाटतं.

इथे कॅन्ससची आठवण झाली. 1997 साली रँडल स्मिथ, मारिओ वोल्चको आणि डेव्हिड अंगार यांनी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं होतं की सामायिक जग आतून मोडलं तर दुरुस्त करणाऱ्यांनी उभं कुठे राहायचं? त्यांचं उत्तर होतं ओझ: कॅन्ससमध्ये बिघाड झाला की माणसं दुसऱ्या एका जगात जातात, तिथून मोडलेल्या जगाकडे बघत सगळे मिळून एकच डीबगर वापरतात, आणि दुरुस्ती झाली की परत. तिथे प्रोग्राम एकाच ठिकाणी चालत होता, म्हणून कोडही एकच. लॅम्बडामूमध्येही तसंच. क्रोकेने मध्यवर्ती मशीन काढून टाकलं, त्यातून वेग आणि स्वातंत्र्य मिळालं, आणि एकत्र दुरुस्त करण्याची ती एकच जागा मात्र गेली. आमच्याकडे तीन डीबगर होते, ओझ नव्हतं.

क्रोकेचा जावास्क्रिप्टमधला आजचा अवतार मी याच कसोटीवर पाहिला. मूळ कल्पना तीच: मॉडेल सगळीकडे सारखं चालतं, दिसणं प्रत्येकाचं आपलं, आणि राउटरच्या जागी रिफ्लेक्टर. सुरुवातीचं उदाहरण म्हणजे दर सेकंदाला वाढणारा आकडा. दोन ब्राउझरमध्ये उघडा, एकात क्लिक करा, दोन्हीकडे शून्य होतो. माझ्या दोन्ही जुन्या जखमांवर तिथे मलम आहे. मॉडेलमधला रँडम सगळीकडे तोच आकडा देतो, आणि जावास्क्रिप्टच्या सेटमध्ये क्रम घातल्याप्रमाणेच राहतो. साइन-कोसाइनचीही तीच काळजी घेतली आहे. मॉडेलमध्ये साधं फंक्शन थेट साठवता येत नाही, कारण स्नॅपशॉटमध्ये ते मावत नाही. ही अडचण दोन दिवस टोचते, मग सवय होते. पासवर्ड असल्याशिवाय मजकूर उलगडत नाही, त्यामुळे रिफ्लेक्टरलाही आतलं कळत नाही. काही बसवावं लागत नाही, दुवा पाठवला की झालं. आज कोणी नव्याने सुरू करणार असेल तर त्याने इथूनच करावं.

कोडच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर कडक आहे. मॉडेलच्या कोडवरून एक हॅश, म्हणजे त्या मजकुराचा ठसा, काढला जातो आणि तो सत्राच्या ओळखीत मिसळला जातो. एका अक्षराचा फरक असला तरी तुम्ही दुसऱ्याच सत्रात जाता. म्हणजे आमची लाल आकाशाची संध्याकाळ तिथे येणारच नाही. मला हे प्रामाणिक वाटलं: वेगळा कोड म्हणजे वेगळं जग, हे पहिल्याच क्षणी स्पष्ट. पण यातही इमारत चालू असताना तिचे नियम एकत्र बदलणं नाही. ते आलं 2022 साली खुल्या केलेल्या मायक्रोव्हर्समध्ये. तिथे वस्तूंचं वागणं हाच मॉडेलमधला मजकूर असतो. आपल्या एडिटरमध्ये फाइल बदलली की तो बदल इतर कुठल्याही कृतीसारखा वेळेचा शिक्का घेऊन सगळीकडे पोहोचतो. कोड हीसुद्धा बेटावरची एक वस्तू झाली, एवढाच फरक. पण किती मोठा.

मायक्रोव्हर्स पाहिलं त्याच आठवड्यात आम्ही जुन्या क्रोकेत परत गेलो आणि तेच करून पाहिलं. लिफ्ट निवडण्याचा नियम क्लासमधून काढला. बेटावर एक "नियम" ऑब्जेक्ट ठेवला, त्यात स्मॉलटॉकचा मजकूर. कोणी तो बदलला की बदललेला मजकूर राउटरमार्फत जातो, आणि प्रत्येक प्रत त्याच क्षणी तो कंपाइल करून पुढच्या हाकेपासून वापरते. पहिल्या प्रयत्नात मैत्रिणीचा एक कंस राहिला आणि तिन्ही इमारती एकदम थांबल्या. मग असं केलं की मजकूर कंपाइल झाला नाही तर जुनाच नियम चालू राहील. साठेक ओळी झाल्या असतील. क्लास अजूनही इमेजमध्येच आहेत आणि त्या बदलायच्या तर जुनी कसरत आहेच. पण आमचं नव्वद टक्के काम त्या नियमातच असतं.

ते चाललं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. दोन्ही लिफ्ट माझ्यासमोर, पहिली सहाव्या मजल्यावर, वर निघालेली. मैत्रीण म्हणाली, "बदलतेय हं, थांब." मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. नवव्या मजल्यावरच्या हाकेकडे जाणारी पहिली लिफ्ट सातव्यावर थांबली, वळली आणि तिसऱ्या मजल्याकडे खाली निघाली, दुसरी नवव्याकडे.

"कुठे आहे तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"पाचव्यावर. खाली येतेय."

"माझ्याकडेही," ती म्हणाली. आमचा तिसरा सहकारी तोवर गप्प होता. त्याने तिसऱ्या मजल्यासमोर जाऊन उभं राहून सांगितलं, "आली."